रिबेकाची साक्ष

तुमच्याजवळ बोलायचं बरेच दिवस मनात आहे. तोंडापर्यंत येतं आणि मी भलतंच काहीतरी बोलून जाते — मुलांच्या गाण्यांचं, नाताळच्या नाटिकेचं, नाहीतर माझ्या गुडघ्यांचं. नवऱ्याला हे ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेला बसते तेव्हासुद्धा मी याच्या कडेकडेने जाते, आत पाय टाकत नाही. आज टाकते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

मी बोईसरला लग्न होऊन आले ती नगरहून. आमचे हे इथे एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. आमची ख्रिस्ती मंडळी लहान — एका हॉलमध्ये उपासना, बाजूच्या पत्र्याच्या खोलीत मुलांची रविवारची शब्बाथ शाळा. ही शाळा मी सुरू केली. आधी चार-पाच मुलं यायची. मी चटया झाडायचे, बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायचे, ज्याचं पाठ नाही त्याला पुन्हा म्हणायला लावायचे. बोईसर कसं आहे तुम्हाला ठाऊकच आहे — आज शेजारी राहणारा माणूस उद्या खोली बदलतो, कंपनी बदलतो, गाव बदलतो. पण मुलांची बाई मात्र तीच. एवढी एक गोष्ट माझी होती, असं मला वाटायचं. माझी — हा शब्द मी तेव्हा मोठ्याने कधी उच्चारला नाही. पण होता तो.

मग हर्षा आली.

हर्षा माकुणसारची. लग्न व्हायचं होतं. एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागली होती आणि इथेच खोली घेऊन राहायची. पाळकसाहेबांनी एका रविवारी तिला माझ्याकडे आणून उभं केलं. म्हणाले, बाई, तुम्हाला मदतीला. मी हसले. मदत कोणी मागितली होती? हे मी मनात म्हटलं आणि तिथेच माझं बिघडायला सुरुवात झाली — पण ते आज कळतं.

तिने कंपनीतले पांढरे सुती हातमोजे आणले, कोरे. त्यांवर बटणांचे डोळे शिवले आणि मोज्यांची मेंढरं केली. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी इतकी वर्षं सांगत होते — बसून, पुस्तक मांडीवर ठेवून. तिने एक मेंढरू खरंच लपवलं आणि मुलांना शोधायला सोडलं. मुलं हॉलभर, जिन्याखाली, चपलांमध्ये, सगळीकडे. सापडलं तेव्हा जो आरडाओरडा झाला, त्याने उपासनेतले लोक माना वळवून बघायला लागले. मोठी माणसं हसत होती. मीसुद्धा हसत होते. आणि मांडीवरचं पुस्तक मिटून पिशवीत घालत होते.

मुलं वाढली. चटया पुरेनात. मुलं माझ्याकडे यायची, सलाम बाई म्हणायची, आणि डोळे माझ्या खांद्यावरून मागे — ताई आली का?

आता ऐका, माझं डोकं कसं चालायचं ते. मी असं नाही म्हटलं की मला हेवा वाटतो. मी म्हटलं — ही एवढी कशासाठी करते? कोणी पाठवलीय हिला? आमच्याकडे ही भीती जुनी आहे. दुसऱ्या पंथाची माणसं गोड बोलून येतात, आधी मुलांना लावून घेतात, मग मुलांमागून आया जातात, आणि एक दिवस अर्धी मंडळी दुसरीकडे हात वर करून, टाळ्या वाजवत प्रार्थना करत असते. असं कुठेकुठे झालेलं होतं, खोटं नाही. म्हणून माझा संशय मला संशय वाटलाच नाही. मला ती जबाबदारी वाटली. तुम्हीच सांगा, जबाबदारीचं नाव दिलं की माणसाला काय करता येत नाही?

मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. फोन आला की ती बाहेर जाऊन का बोलते? प्रार्थना करताना हात वर का करते? बुधवारी संध्याकाळी तिला कधीच वेळ का नसतो? एका बुधवारी मी तिच्या मागे गेले. हो, गेले. डोक्यावर पदर घेऊन, भाजीची पिशवी हातात धरून. ती एका कामगारांच्या चाळीत शिरली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आतून टाळ्या ऐकू येत होत्या. मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. चपला आणि टाळ्या — मला तेवढं पुरलं. पुढे खूप दिवसांनी कळलं, तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईच्या लेकराचा वाढदिवस होता. दोन पावलं पुढे जाऊन दारात डोकावले असते तर तेव्हाच कळलं असतं. पण मला कळून घ्यायचं होतं कुठे?

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पोरं खूश आहेत ना? मग तुला काय होतंय?" मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता रिबेकाचं सांगते.

रिबेका तेव्हा चौथीत होती. तिचे आईवडील डहाणूकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. वडील कंपनीची बस चालवायचे, आई पॅकिंगला जायची. बारीक अंगाची, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली, आणि कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी उजळणारी पोर. तिला एकच गोष्ट हवी होती — नाताळच्या नाटिकेत येशूची आई मरीया व्हायचं. दर वर्षी ती मेंढपाळ व्हायची, कारण मरीयेला वाक्यं जास्त असतात आणि रिबेका बोलताना आहे-नाहीचं हाय-नाय करते, असं मी म्हणायचे. असं मी मुलांसमोर म्हणायचे.

मी तिला जवळ घ्यायला लागले. वर्ग सुटला की चटया गुंडाळायला थांबवायचे. बिस्किट द्यायचे. मग सहज विचारल्यासारखं — ताई तुमच्या घरी येते का? काय बोलते? कुठे चला म्हणते का? पहिल्यांदा ती भराभर सांगायची, खरं तेच. ताई आली होती. आईशी बोलली. चहा घेतला. त्यात मला हवं असलेलं काही नसायचं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. मुलं फार लवकर शिकतात. मी शिक्षिका आहे, मला हे ठाऊक आहे. थोड्याच दिवसांत ती माझा चेहरा वाचायला लागली. कुठल्या वाक्याला बाईंचे डोळे मोठे होतात, कुठल्या वाक्यानंतर दुसरं बिस्किट मिळतं. ताई म्हणाली, आमच्याकडची गाणी जास्त छान. ताई म्हणाली, बाई रागीट हाय. यातलं किती खरं, किती तिने माझ्यासाठी बनवलेलं? मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हर्षाने मुलांना एडवणच्या समुद्रावर न्यायचं ठरवलं. येशू वादळ शांत करतो ती गोष्ट खऱ्या होडीत बसून सांगायची, असं तिचं म्हणणं. मलाही बोलावलं होतं तिने, दोनदा बोलावलं. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. भाड्याच्या मॅजिक गाडीतून मुलं गेली. मदतीला तरुण संघातली दोन मुलं होती. आणि रिबेकाच्या चाळीतली दोन भावंडं होती, आमच्या मंडळीतली नव्हेत, ख्रिस्तीही नव्हेत, नुसती गाण्यांच्या नादाने यायची. त्यांच्या आईने स्वतः डबा भरून पाठवलं होतं त्यांना.

रविवारी मी रिबेकाला विचारलं, काय केलंत? ती सांगत सुटली. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीत बसलो, एका कोळीबाबांनी बसू दिलं. गोष्ट झाली. मग सगळे पाण्यात.

"ताई पण भिजली, बाई! आमी तिच्या डोक्यावर पानी टाकलं, तिनं आमच्या टाकलं. लय मज्जा."

हसत होती. हे नीट ऐकून ठेवा — पहिल्यांदा तिने असंच सांगितलं होतं आणि ती हसत होती.

आमच्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होतो. मोठेपणी पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे ते दुसरे, ज्यांची आम्हाला भीती. रिबेकाच्या तोंडून डोक्यावरच्या पाण्याचं निघालं आणि मला आतून काहीतरी चमकल्यासारखं झालं. मी हातातली चटई खाली ठेवली. तिला माझ्यासमोर बसवलं. आवाज खाली आणला.

"पाणी टाकताना ताईने डोक्यावर हात ठेवला होता का?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"प्रार्थना केली का काही? येशूचं नाव घेतलं का? पाण्यात खाली बुडवलं का तुम्हाला? आठव. नीट आठव."

आणि तिला आठवायला लागलं. एकेक करून. हो बाई. ठेवला हात. हो, नाव घेतलं. बुडवलं. त्या दोघा भावंडांना पण? हो, त्यांना पण. प्रत्येक हो आधी माझ्या चेहऱ्यावर उमटत होता, मग तिच्या तोंडून बाहेर येत होता. शेवटी मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, यंदा मरीया कोण होणार ते बघू हं.

मला वाटलं होतं का ते खरं? नाही. मला त्या क्षणी माहीत होतं.

मी पाळकसाहेबांकडे गेले. मंडळीत नसलेल्या घरची मुलं समुद्रावर नेऊन त्यांना बाप्तिस्मा दिला — आजच्या दिवसांत ही धर्मांतराची गोष्ट बाजारात गेली तर आमच्या हॉलचं, आमच्या मुलाबाळांचं काय होईल, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मंडळीच्या पंचांना बोलावलं. बाकीच्या मुलांनाही विचारावं असं एक पंच म्हणाले. मी म्हटलं, नको साहेब, जितकी तोंडं तितकं बाहेर जाईल. सगळ्यांना पटलं. तरुण संघातल्या मुलांना विचारलं तर ती म्हणाली, आम्ही वर सुरूच्या झाडांखाली जेवण मांडत होतो, आम्ही बघितलं नाही.

रिबेकाला त्या खोलीत मीच हाताला धरून नेलं. तीन पंच, पाळकसाहेब, एका कडेला हर्षा. पाळकसाहेबांनी मायेने विचारलं. रिबेकाने सगळं सांगितलं, न अडखळता. वचन पाठ म्हणावं तसं. मीच पाठ करून घेतलं होतं ना.

मग त्यांनी हर्षाला विचारलं. ती म्हणाली, "मुलं पाण्यात खेळली साहेब. मीही खेळले. दुसरं काही नाही."

"मग हे लेकरू खोटं बोलतंय का?"

हर्षाने रिबेकाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं, पण तिने रिबेकाकडेच पाहिलं. म्हणाली, "तिला खोटारडी म्हणू नका साहेब. लहान आहे. तिला जसं वाटलं तसं ती सांगतेय."

एवढंच. एक वाक्य तिने स्वतःसाठी जास्तीचं खर्च केलं नाही.

तिला शब्बाथ शाळेतून काढलं. बाहेर कुणी बोलायचं नाही असं ठरलं, पण ज्या घरात हर्षाची खोली होती ते घर एका पंचांच्या मेहुण्याचं. महिना भरायच्या आत तिने खोली सोडली. नोकरीही सोडली आणि माकुणसारला परत गेली. मुलांनी विचारलं, ताई कुठे? मी सांगितलं, ताईला वेळ नाही आता. हातमोज्यांची मेंढरं मी एका पिशवीत भरली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली.

त्या नाताळला रिबेका मरीया झाली. निळी ओढणी डोक्यावर. सगळी वाक्यं बरोबर म्हणाली, एकदाही हाय-नाय नाही. लोकांनी कौतुक केलं.

इथे थांबले तरी चाललं असतं, नाही का? एका बाईने हेव्यापोटी एका मुलीचं नाव खराब केलं. वाईट आहे, पण असं घडतं, असं म्हणाल तुम्ही. मीही बरीच वर्षं स्वतःशी तेच म्हणत होते. पण हे ते नाही. मी जे सांगायला बसलेय ते अजून सांगितलेलंच नाही.

त्या दिवसापासून माझा संशय हर्षावरून उठला आणि रिबेकावर जाऊन बसला. ही कुणाला सांगेल का? आईच्या कानाशी काय बोलतेय? पाळकीणबाईंजवळ एवढा वेळ का उभी आहे? म्हणून मी तिला जवळच ठेवलं. वर्गातली माझी मदतनीस केलं. नाताळला कपडे घेतले. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, बाईंचा किती जीव आहे त्या पोरीवर. जीव कसला. मी राखण करत होते.

ती मात्र गप्प होत गेली. पुन्हा मरीया व्हायचं तिने कधी मागितलं नाही. वचनं सगळ्यांत जास्त पाठ, पण विचारल्याशिवाय बोलणं नाही. मी म्हणायचे, वयात येतेय.

ती दहावीत गेली तेव्हा तिचं दृढीकरण ठरलं — तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची मोठेपणी स्वतः कबुली द्यायची. त्यानंतरच आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेता येतं. पाळकसाहेबांनी त्या मुलांना सांगितलं होतं, कुणाचं काही बिघडवलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग प्रभूच्या मेजाजवळ या. दृढीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये खुर्च्या पुसत होते. रिबेका आली. माझ्या हातातलं फडकं घेतलं, दोन खुर्च्या पुसल्या, आणि तशीच उभी राहिली. शाळेत शिकून तिचं बोलणं कधीच सुधारलं होतं, पण त्या दिवशी ते परत पाड्यावरचं झालं.

"बाई, मी तवा खोटं बोलले. एडवणचं. ताईनं कायच प्रार्थना केली नव्हती. आमी खेळत होतो फकस्त. मी तुमाला फसवलं, बाई."

तुम्हाला फसवलं. असं म्हणाली ती. एवढी वर्षं त्या पोरीने स्वतःची समजूत अशी करून घेतली होती की बिचाऱ्या बाईंनी आपल्यावर विश्वास ठेवला आणि आपण त्यांना फसवलं.

आणि मी तोंडातून पहिलं काय काढलं असेल? सांगते. मी विचारलं, "हे अजून कुणाला बोललीस?"

ती नाही म्हणाली. माझा श्वास मोकळा झाला. तो मला आजही आठवतो, तो श्वास. किती बरं वाटलं होतं.

मग मी तिला खुर्चीवर बसवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली — प्रभू, या लेकराने लहानपणी खोटी साक्ष दिली, तिला क्षमा कर. मीही तिला क्षमा करते. असं म्हटलं मी. आवाज कापरासुद्धा झाला माझा, आणि तो खोटा नव्हता, हेच तर भयंकर आहे. ती रडली. माझ्या साडीत तोंड खुपसून रडली. आभार मानले तिने माझे.

डोळे पुसून म्हणाली, "ताईंना पण सांगायला पाहिजे ना, बाई? मी जाते माकुणसारला. आई येईल सोबत."

मी म्हटलं, नको. झालं गेलं. देवाने क्षमा केली, आता ते उकरून काढणं म्हणजे देवावर विश्वास नसल्यासारखं होईल. ताईलाही उगाच त्रास. ती माझं ऐकणारच होती. तिला ऐकायला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले होते. भाकर मीही घेतली.

त्यानंतर एकदा हर्षा मला पालघरच्या बाजारात दिसली. अजून लग्न झालेलं नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. मी सुक्या मासळीच्या पाट्यांमागे वळत होते, तेवढ्यात तिनेच हाक मारली. सलाम बाई. मुलं कशी आहेत? आणि मग, रिबेका बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे. हिचा काय डाव असेल, हे कशाला विचारतेय ही — तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच आलं. माझं मन असं आहे.

रिबेका आता नर्सिंग शिकते, वसतिगृहात राहते. हर्षाकडे ती कधी गेली नाही. शब्बाथ शाळा अजून माझ्याकडेच आहे. सुट्टीला घरी आली की रिबेका मला भेटायला येते, काहीतरी खाऊ घेऊन येते. मागच्या खेपेला निघताना म्हणाली, "बाई, परीक्षा आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा. तुमची देव ऐकतो."

तिने मान खाली घातली. मी हात ठेवला आणि प्रार्थना केली.